सालीखालचा छापखाना

आमच्या खानदेशात देवदार हे झाडाचे नाव नाही, खोक्याचे नाव आहे. देवदारी खोके म्हटले की जळगावच्या बाजारपेठेतल्या कुणाच्याही डोळ्यांपुढे ते पांढरट, हलके, खिळा ठोकला की उभे चिरणारे लाकूड येते. (खोके म्हटल्यावर अलीकडे महाराष्ट्राला दुसरेच काही आठवते, ते सोडून द्या.) हिमालयातला खरा देवदार त्यात क्वचितच असतो. पाइन, स्प्रूस, फर अशी थंड मुलखातली सुईसारख्या पानांची नाना झाडे, आणि आपण सगळ्यांना एकाच नावाने हाक मारतो. वैशाखात ४५ अंशांच्या उन्हात भाजून निघणाऱ्या तापीकाठच्या माणसाने यापेक्षा जास्त खोलात का जावे?

पण परदेशातून एखादे यंत्र आमच्या एम.आय.डी.सी.त आले, तर त्याचे रिकामे खोके जरा निरखून बघा. त्यावर एक शिक्का भाजलेला किंवा छापलेला असतो. गव्हाच्या ओंबीसारखे चित्र, देशाची दोन अक्षरे, काही आकडे, आणि बहुधा 'एच टी' ही आद्याक्षरे. याचा अर्थ असा की हे लाकूड पार गाभ्यापर्यंत ५६ अंशांना निदान ३० मिनिटे तापवलेले आहे. आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखाली हा नियम २००२ साली ठरला. जगभर फिरणाऱ्या खोक्यांच्या लाकडातून जी जिवंत मंडळी फुकट प्रवास करतात त्यांना रोखण्यासाठी तो आहे, आणि त्या मंडळींत सालीखाली राहणारे भुंगेरे फार वरच्या क्रमांकावर आहेत.

इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला शिक्का दिसला की चैन पडत नाही. म्हणून आज या भुंगेऱ्याविषयी, म्हणजे खरे तर त्याच्या आणि माणसाच्या सामायिक इतिहासाविषयी लिहितो आहे. गाडी जर्मनीतून निघून सातपुड्यावरून धुळे जिल्ह्यात येणार आहे, तेव्हा वाचकहो, थोडा धीर धरा.

या घराण्यातला सर्वांत प्रसिद्ध पुरुष म्हणजे युरोपातल्या स्प्रूसच्या जंगलातला 'इप्स टायपोग्राफस'. टायपोग्राफस म्हणजे मुद्रक, छापखानेवाला. जर्मन लोकही त्याला 'पुस्तक छापणारा' असेच म्हणतात. १७५८ साली लिनियसने त्याला शास्त्रीय नाव दिले तेही हेच. लांबी जेमतेम ५ मिलिमीटर, म्हणजे जोंधळ्याच्या दाण्याएवढी. आपल्या धान्यातला सोंडा आणि हा, दोघे लांबचे भाऊबंद. नर साल पोखरून आत एक छोटी खोली करतो. मग दोन-तीन माद्या येतात आणि त्या खोलीपासून खोडाच्या उभ्या दिशेने, एक वर, एक खाली, असे सरळ बोगदे काढत जातात. बोगद्याच्या दोन्ही भिंतींत खाचा करून एकेक अंडे ठेवतात. अंड्यातून निघालेली अळी आडवी पोखरत निघते, आणि ती जसजशी वाढते तसतशी तिची वाटही रुंद होत जाते. साल सोलून काढली की मधला उभा दंड आणि दोन्हीकडे निघालेल्या आडव्या ओळी असे पान छापलेले दिसते. त्याचाच एक धाकटा भाऊ आहे, त्याला जर्मन लोक 'ताम्रपट कोरणारा' म्हणतात. त्याची नक्षी चांदणीसारखी असते.

मला या नावांचे फार कौतुक वाटते. आमच्या धुळ्याला इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाने १९२७ पासून संशोधन मंडळ आहे. तिथल्यासारख्या जुन्या दप्तरांशी ज्याचा थोडाही संबंध आला आहे त्याला किडा आणि अक्षर यांचे नाते एकाच प्रकारचे ठाऊक असते. कसर लागते आणि मजकूर जातो. इथे उलटे आहे, किडा लागतो तेव्हा मजकूर उमटतो. आणि तो वाचताही येतो. आडवी ओळ मध्येच संपली तर तिथे अळी मेली किंवा कुणी तिला खाल्ले. रुंद होत जाऊन शेवटी वाटीसारखी झाली तर तिथे कोष झाला, आणि सालीला बारीक भोक असेल तर भुंगेरा उडून गेला.

झाडाचे मात्र यात मरण असते. सालीच्या आतल्या ज्या पातळ थरात हा छापखाना चालतो त्याच थरातून पानांनी केलेले अन्न मुळांकडे उतरत असते. चारही बाजूंनी तो कातरला गेला की झाड संपले. शिवाय भुंगेऱ्यासोबत एक बुरशी आत येते, ती लाकूड निळसर करते आणि पाण्याच्या वाटा बंद करते. धडधाकट झाड मुकाट्याने मरत नाही. भोक पडले की तिथून राळेचा लोंढा सोडते आणि भुंगेऱ्याला त्यात बुडवते. पाच-पन्नास भुंगेऱ्यांना एक निरोगी स्प्रूस सहज पुरून उरतो. यावर भुंगेऱ्याचा उपाय म्हणजे जमाव. आत शिरलेला नर एक गंध सोडतो, त्यावर शेकडो येतात, आणि झाडाची राळ आटते. गर्दी पुरेशी झाली की जागा नसल्याचा वेगळा गंध सुटतो, आणि मागून येणारे शेजारच्या झाडाकडे वळतात. एस.टी.च्या वाहकाने दोनदा घंटी मारावी तसे.

आता इतिहास. जर्मनीत हार्झ नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथे शेकडो वर्षे चांदीच्या खाणी चालल्या. खाणीला टेकूचे लाकूड लागे आणि धातू वितळवायला कोळसा. मूळचे मिश्र जंगल त्यात गेले आणि त्या जागी झटपट व सरळसोट वाढणारा स्प्रूस आला. तिकडे सॅक्सनीत खाणींचाच कारभार पाहणाऱ्या हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झने १७१३ साली वनशेतीवर एक मोठा ग्रंथ लिहिला. जेवढे तोडाल तेवढे पुन्हा वाढले पाहिजे, हा त्याचा विचार. आज जो तो 'शाश्वत विकास' म्हणतो, त्या शब्दाचे मूळ तिथे दाखवतात. विचार उत्तमच होता. पण तो अमलात आला तेव्हा पुढच्या दीडशे वर्षांत जंगलाची वही झाली. एका वयाची, एका जातीची झाडे, ओळीने लावलेली, मोजायला सोपी, विकायला सोपी. हिशेबनीसाला जसे जंगल हवे असते तसे जंगल.

अठराव्या शतकाच्या अखेरीस हार्झमध्ये या भुंगेऱ्याची मोठी साथ आली. १७८७ साली ग्मेलिन नावाच्या विद्वानाने या 'किड्याच्या वाळव्या'वर पुस्तकच लिहिले. तेव्हा एक वाद माजला, तो मला सगळ्या कथेत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. किडा आला म्हणून झाड मेले, की झाड मरत होते म्हणून किडा आला? एक पक्ष म्हणे किडाच खुनी. दुसरा म्हणे छे, तो तर नुसता गिधाड आहे. आज आपल्याला कळते ते असे की दोघेही बरोबर होते, पण वेगवेगळ्या वर्षी. भुंगेरे थोडे असतात तेव्हा ते वादळाने पडलेल्या, पाण्याविना सुकलेल्या झाडांवरच निभावतात. पण एखादे मोठे वादळ, पाठोपाठ कोरडा उन्हाळा, आणि आजूबाजूला मैलोगणती एकाच वयाचा स्प्रूस असे जुळून आले की त्यांची संख्या इतकी फुगते की मग धडधाकट झाडाची राळही पुरत नाही. गिधाडाचा वाघ होतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस नेमके हेच झाले. तोडलेले ओंडके सालीसकट जंगलात पडून राहिले, माणसे नव्हती, आणि १९४७ चा उन्हाळा कडक गेला. १९४४ ते १९४८ या काळात मध्य युरोपात सुमारे ३ कोटी घनमीटर लाकूड या भुंगेऱ्याने मारले असे सांगतात. पुढे नॉर्वेत १९७० च्या दशकात साथ आली तेव्हा शास्त्रज्ञांनी त्या बोलावण्याच्या गंधाचे रसायन ओळखून काढले होते. १९७९ साली नॉर्वेने सुमारे ६ लाख गंधसापळे टांगले आणि २९० कोटी भुंगेरे पकडले. आपल्या कापूस उत्पादकांना कामगंध सापळे नवे नाहीत, बोंडअळीसाठी ते शेतात लावतातच. पण २९० कोटी पकडूनही साथ सापळ्यांनीच थांबली की हवामान पालटल्याने, यावर एकमत नाही. मला तो आकडा यशाचा वाटत नाही. एवढे भुंगेरे ज्या जंगलात निपजले ते जंगल कसे होते, हे मात्र त्या आकड्यावरून समजते.

अगदी अलीकडची गोष्ट सांगतो आणि युरोप सोडतो. २०१८ पासूनच्या जेमतेम तीन वर्षांत दुष्काळ, वादळे आणि भुंगेरे यांनी मिळून जर्मनीतले सुमारे ५ लाख हेक्टर जंगल गेले. म्हणजे आपल्या जळगाव जिल्ह्याच्या निम्म्याहून थोडेसे कमी. हार्झच्या डोंगरावर आज करड्या खांबांसारखे मेलेले स्प्रूस उभे आहेत. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात याच घराण्यातल्या दुसऱ्या भुंगेऱ्याने १९९० नंतर १ कोटी ८० लाख हेक्टरांवरच्या पाइनला उपद्रव केला, म्हणजे निम्म्याहून मोठ्या महाराष्ट्राएवढ्या मुलखाला. तिथे पूर्वी हिवाळ्यात पारा उणे ३५-४० पर्यंत उतरे आणि सालीखालच्या अळ्या गोठून मरत. तसे हिवाळे कमी झाले.

आता तुम्ही म्हणाल, सर, याचा खानदेशाशी काय संबंध? संबंध असा की ज्या विद्यालयांत जंगलाची वही करायला शिकवले गेले, तिथूनच आपले जंगल खाते आले. १८६४ साली हिंदुस्थानच्या जंगलांचे पहिले इन्स्पेक्टर जनरल झाले ते डीट्रिश ब्रँडिस, बॉन शहरचे. त्यांच्यामागून आलेले श्लिश आणि रिबेनट्रॉप हेही जर्मनच. इंग्रज सरकारला रेल्वेसाठी स्लीपर हवे होते, आणि जंगल मोजून कसे वापरावे हे जर्मनांना येत होते. १८७८ चा कायदा झाला, राखीव जंगले आखली गेली. सातपुड्यात भिल्ल आणि पावरा बांधवांच्या वाट्याला त्यातून काय आले हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. ब्रँडिस स्वतः वनस्पतींचा मोठा जाणकार होता, त्याला एका शब्दात खलनायक करणे अन्यायाचे होईल. पण भाषा बदलली एवढे नक्की. साग, अंजन, सालई, धावडा, मोह, तेंदू, खैर अशी जी गर्दी डोंगरात नांदत होती, तिचे दोन भाग पडले. साग हे इमारती लाकूड, आणि बाकीचे सारे 'आडजात'. आडजात! सालईच्या डिंकावर आणि मोहाच्या फुलांवर जगणाऱ्यांना हा शब्द कसा वाटला असेल? जंगल 'कुपां'त मोजले जाऊ लागले, आणि जिथे नवी लागवड झाली तिथे सागाला पहिला मान मिळाला. भाद्रपद-आश्विनात यावल-चोपड्याकडे गेलात तर सागाची पाने नुसती जाळी झालेली दिसतील. ते एका अळीचे काम. साग तिला पुरून उरतो, कारण पाने त्याला पुढे गाळायचीच असतात. खोडात शिरणाऱ्याचे तसे नसते.

हे कळते ते याच सातपुड्याची रांग धरून पूर्वेला मंडल्यापर्यंत गेल्यावर. तिथे साग संपून साल वृक्षाचे जंगल लागते. (इथे साल म्हणजे झाडाचे नाव, गोंधळ नको.) १९२३ ते १९२८ या काळात, तो मुलूख नागपूरच्या कारभाराखाली मध्य प्रांतात होता तेव्हा, आणि पुन्हा १९९७-९८ च्या सुमारास, तिथे सालच्या खोडकिड्याने हाहाकार उडवला. हा आपल्या छापखानेवाल्याच्या घराण्यातला नव्हे, लांब मिशांच्या मोठ्या भुंगेऱ्यांपैकी. पण राहणे सालीखाली आणि खोडात. त्याच्यावरचा उपाय मोठा गमतीचा आहे. पहिल्या पावसात भुंगेरे बाहेर पडतात तेव्हा ताजे साल वृक्ष तोडून ओंडके जंगलात ठेवायचे, त्यांची साल ठेचायची. रसाच्या वासाने भुंगेरे येतात, रस पिऊन सुस्तावतात, आणि गावकरी ते वेचतात. वेचलेल्या भुंगेऱ्यांची मुंडकी मोजून पैसे मिळत. आमिषाचे झाड पाडण्याची युक्ती युरोपातल्या वनपालांनी स्प्रूसच्या भुंगेऱ्यावर कधीच वापरली होती. वाद मात्र तिथल्यासारखाच झाला. किती झाडे खरोखर किडकी, किती तोडायची, आणि किड्याच्या नावाखाली चांगले लाकूड तर जात नाही ना?

आता साक्री. धुळे जिल्ह्याचा हा तालुका आणि लागून असलेला नाशिकचा सटाणा-मालेगावचा पट्टा डाळिंबाचा. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, पुढे ठिबक आले, आणि ज्या मुरमाड जमिनीत बाजरीही धड येत नव्हती तिथे डाळिंबाने बंगले बांधले, मुलींची लग्ने केली, मुले इंजिनिअरिंगला घातली. हे मी टीकेच्या सुरात म्हणत नाही. दुष्काळी गावाला चार पैसे दिसले तर आनंदच आहे. पण बहुतेक बागा एकाच 'भगव्या'च्या, आणि भगवा वाढवतात गुटी बांधून. म्हणजे फांदीलाच मुळे फोडून नवे रोप करायचे, बी नाही. कित्येक एकरांवरची झाडे ही एकमेकांची भावंडेसुद्धा नव्हेत, जवळजवळ एकच झाड हजार ठिकाणी उभे आहे. जर्मनांच्या स्प्रूसमध्येही एवढा एकसारखेपणा नव्हता.

या बागांत आधी तेल्या आला, मग मर रोग, आणि मरच्या जोडीने आला खोडाला टाचणीएवढी भोके पाडणारा भुंगेरा. शेतकरी त्याला पिन होल बोरर किंवा शॉट होल बोरर म्हणतात. २०२० नंतर सोलापूरकडे सांगोला तालुक्यात त्याने आणि मरने मिळून बागाच्या बागा काढायला लावल्या. हा मात्र थेट आपल्या छापखानेवाल्याच्या घराण्यातला. फक्त दोन-अडीच मिलिमीटर लांब, आणि साल न खाता थेट लाकडात शिरणारा. लाकूडही तो खात नाही. मादी आपल्यासोबत बुरशीचे बी आणते, बोगद्याच्या भिंतींवर ते पेरते, आणि उगवलेल्या बुरशीवर पोरे वाढवते. माणसाने नांगर धरण्याच्या कोट्यवधी वर्षे आधीपासून हे कुळ शेती करते आहे. डाळिंब उत्पादकाच्या बागेत दुसऱ्याच शेतकऱ्याने शेती थाटावी असा हा प्रकार.

याच गटातल्या भुंगेऱ्याची नोंद श्रीलंकेतून १८६८ साली झाली. तेव्हा तिथे कॉफीचे मळे होते. दुसऱ्याच वर्षी, १८६९ साली, कॉफीवर तांबेरा दिसला आणि पुढच्या वीस वर्षांत कॉफी बुडाली. मळेवाल्यांनी डोंगरच्या डोंगर चहाने भरले, आणि १८९० च्या दशकात हा भुंगेरा चहाची मोठी कीड म्हणून पुढे आला. तो जंगलात होताच. ओळ नवी होती.

साक्रीकडचा माझा एक जुना विद्यार्थी पाच एकर डाळिंब करतो. गेल्या वर्षी झाडे पिवळी पडू लागली, खोडाच्या तळाशी भुश्श्याची बारीक पूड दिसू लागली, तेव्हा त्याने मला फोटो पाठवले. (किडक्या खोडाचा तुकडाच पाठवतो म्हणत होता. म्हटले, बाबा रे, तेवढे करू नकोस, जग त्याच्यासाठी खोकी तापवते आहे.) मी काही कृषी पदवीधर नाही, हे त्यालाही ठाऊक. त्याचा प्रश्न साधा होता. अहिराणीत म्हणाला, "सर, किडा उना म्हनीसन झाड मरनं, का झाड मरी ऱ्हायनं व्हतं म्हनीसन किडा उना?"

हार्झचा वाद जसाच्या तसा, सव्वादोनशेहून जास्त वर्षांनी, अहिराणीत!

मी त्याला डाळिंबाच्या तज्ज्ञांकडे जायला सांगितले आणि तो गेला. जे कळले ते असे. या भुंगेऱ्याला आजारी, अडचणीतल्या झाडाचा वास लागतो. अशा झाडातून थोडा मद्यार्क सुटतो, तोच त्याचा पत्ता. आणि डाळिंबाचा सगळा व्यवहारच झाडाला अडचणीत आणण्यावर उभा आहे. बहार धरायचा म्हणजे आधी ताण द्यायचा, पाणी तोडायचे, पाने गाळायची, मग एकदम पाणी आणि खत. शहाणपणाने केले तर झाड सोसते. पण बाजारभाव पाहून ताण वाढवला, वर्षाला एकाऐवजी दोन बहार ओढले, किंवा अवकाळी पावसाने मुळांशी पाणी साचले, की झाड थकते आणि हाक जाते. मर झालेले झाड बागेत तसेच उभे ठेवले तर शेजारच्या ओळीला पाहुणे येतात.

बव्हेरियातल्या एका राष्ट्रीय उद्यानात १९८३ च्या वादळानंतर पडलेली झाडे तशीच ठेवायचा निर्णय झाला. लोकांनी शिव्या घातल्या, हजारो हेक्टर स्प्रूस वाळला, आणि त्याच्या बुडाशी कुणीही न लावलेले तरुण जंगल उगवले. वाचायला हे फार छान वाटते. पण ते सरकारचे उद्यान होते, कर्ज काढलेली बाग नव्हे. माझ्या विद्यार्थ्याने पाचपैकी दोन एकर मुळासकट काढले, खोडे बांधावरच जाळली. उरलेल्या तीन एकरांत प्रत्येक खोडाला गेरू, कीटकनाशक आणि ताम्रयुक्त बुरशीनाशक यांचा लेप लावला, तो मजुरांकडून नव्हे, नवरा-बायकोने मिळून. मर होऊन गेलेल्या जमिनीत लगेच डाळिंब लावता येत नाही, म्हणून रिकाम्या दोन एकरांत यंदा हरभरा होता. बांधावर पूर्वी बाभळी आणि निंब होते, ते ठिबकच्या नळ्या टाकताना काढले होते. त्यातले चार निंब त्याने पुन्हा लावले आहेत. उरलेल्या बागेला मृग बहार धरायचा की झाडांना एक वर्ष विसावा द्यायचा, हे अजून ठरलेले नाही. सोसायटीच्या कर्जाचा हप्ता मार्चमध्ये आहे.